चिखल ओला आहे तोवर

चिखलाचं स्वतःचं वेळापत्रक असतं. पुराचं पाणी उतरलं की पहिल्या दिवशी तो ताकासारखा पातळ असतो. खराटा आणि बादलीभर पाणी पुरतं. दुसऱ्या दिवशी घट्ट होतो, फावडं लागतं. पाचव्या-सहाव्या दिवशी दाराच्या बिजागरीत, शेल्फच्या सांध्यात, मशीनच्या शटलमध्ये असा बसतो की स्क्रूड्रायव्हरने टोकरावा लागतो, आणि टोकरताना त्याच्याबरोबर खालचा रंग निघतो, लाकडाचा कपटा निघतो.

मी चिपळूणच्या बाजारपेठेत ब्लाउज आणि ड्रेस शिवते. पाच मशीन, कापडाच्या कडा बांधणारं एक ओव्हरलॉक मशीन, माझ्यासह चौघी जणी. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठी नदीचं पाणी गावात शिरलं आणि दुपारपर्यंत आमच्या गल्लीतली तळमजल्याची दुकानं दिसेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर शटर उचकटून आत गेलो, तर पंख्याच्या पात्यांवर चिखल होता. लॉकडाऊननंतर दुकान नुकतं कुठे सुरळीत चालायला लागलं होतं. गणपती पन्नास दिवसांवर होते. आमच्या धंद्याची वर्षातली अर्धी कमाई त्या पन्नास दिवसांत होते.

त्यानंतर आम्ही काय केलं, काय करायला हवं होतं आणि केलं नाही, ते इथे लिहिते आहे. तुमचं संकट पुराचं नसेलही. नोकरी गेली असेल, घरात आजारपण आलं असेल, भागीदाराने फसवलं असेल. मला जवळून माहीत असलेलं संकट हेच, म्हणून याच्यावरूनच सांगते. त्यातलं तुम्हाला लागू पडेल ते घ्या.

मला कळलेली गोष्ट अशी: काही कामं वाळतात, काही वाळत नाहीत. चिखल वाळतो. ओल्या गठ्ठ्यातलं रेशीम काळं पडतं. पंचनामा करणारे गल्लीतून पुढे निघून जातात. पण ‘हे का झालं’ हा प्रश्न महिन्याने विचारला तरी तेवढाच ओला असतो. म्हणून त्याला थांबवून ठेवता येतं. त्याला कायमचं हाकलून द्या असं मी म्हणत नाही. रांगेत मागे उभं करा.

आधी फोटो, मग खराटा

पहिल्या दिवशी डोकं चालत नाही. त्यामुळे पहिल्या दिवसाची कामं विचार न करता करता येतील इतकी साधी हवीत.

मेन स्विच बंद आहे ना ते पाहा, आणि वायरमनने तपासल्याशिवाय काहीही चालू करू नका. पायात गमबूट हवेत. पुराच्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून येणारा लेप्टोचा ताप असतो आणि पायाला छोटी जखम असली तरी पुरते. आरोग्य केंद्राचे डॉक्टर गोळ्या देतात, त्या त्यांनी सांगितल्याप्रमाणे घ्या. पत्रा लागला, खिळा लागला तर धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच दिवशी.

मग फोटो. आवरायला हात लावण्याआधी. दारातून आतला, प्रत्येक भिंतीचा, प्रत्येक यंत्राचा त्याच्या नंबरपट्टीसह आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा. रेषेपाशी टेप धरून फोटो काढा, म्हणजे उंची वाचता येते. वीज नसते, फोनचं चार्जिंग संपत आलेलं असतं. तरी ते शेवटचे टक्के नातेवाइकांना रडून सांगण्यात घालवू नका, फोटोंसाठी ठेवा. मी उलटं केलं. माझ्या फोनमध्ये दुकानाचे फक्त सहा फोटो निघाले आणि तो बंद पडला. पंचनाम्याच्या वेळी ‘इथे कापडाचे किती तागे होते’ हे मला तोंडी सांगावं लागलं, दाखवता आलं नाही.

विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत खराब माल फेकू नका. वास सुटला, फेकणं भागच आहे, अशी वेळ आली तर फोटो काढा आणि प्रत्येक प्रकारातला थोडा नमुना बाजूला ठेवा. पंचनामा करायला तलाठी किंवा नगरपालिकेची माणसं येतात तेव्हा आधार कार्ड, पासबुक आणि दुकानाचं लायसन्स हाताशी असावं. हे कागद भिजले असतील तर तेही फोटोत दाखवा. पंचनाम्यावर काय लिहिलं आहे ते सही करण्याआधी वाचा. त्या वर्षी सरकारने दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार रुपये अशी मदत जाहीर केली होती, आणि ती मोजायला त्या कागदाशिवाय दुसरा आधार नव्हता. चिखलात उभं राहून कोणाला वाचावंसं वाटत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी वाचा.

दोन वह्या

चौथ्या दिवशी मदतीचा टेम्पो आला. त्यात बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, चादरी होत्या आणि शाळेच्या मुलांसाठी वह्या होत्या. त्यातल्या दोन मी मागून घेतल्या.

तोवर आमच्याकडे काय चाललं होतं ते सांगते. गल्लीत जो भेटेल तो कारणांवर बोलत होता, आणि आमच्या गावाला बोलण्यासारखं पुष्कळ आहे. कोयनेचं पाणी सह्याद्रीतल्या बोगद्यांतून पश्चिमेला येतं, पोफळी-कोळकेवाडीला त्यावर वीज तयार होते आणि पुढे ते वाशिष्ठीला मिळतं. नदी दाभोळला समुद्राला मिळते, तिथे भरतीची वेळ. दोन दिवसांवर गुरुपौर्णिमा, म्हणजे उधाण. नदीत साठलेला गाळ, काठचे भराव, आणि वरून रात्रभर कोसळलेला पाऊस. यातलं कशाने किती पाणी वाढलं, यावर माणसं फावडं टेकवून तासन्‌तास उभी होती. मी आणि आमच्या यांनी तिसरा दिवस पूर्ण याच्यातच घालवला. दुकानाच्या पायरीवर बसून. आत ओव्हरलॉक मशीन चिखलात होतं.

एका वहीवर मी ‘का’ लिहिलं, दुसरीवर ‘आता’.

‘का’ वहीचा नियम असा की मनात आलेला प्रश्न लिहायचा, पण एकदाच. तोच प्रश्न पुन्हा आला तर त्याच्यापुढे फक्त एक रेघ मारायची. ‘रात्री मशीन वर का नेली नाहीत’ यापुढे पहिल्या आठवड्यात सत्तावीस रेघा झाल्या. हे मोजल्यामुळे एक झालं. मला वाटत होतं की मी खूप विचार करते आहे. वहीत दिसलं की मी एकच विचार पुन्हा सत्तावीस वेळा केला.

‘आता’ वहीत संध्याकाळपर्यंत संपेल एवढंच लिहायचं. ‘दुकान उभं करणे’ हे काम नव्हे, त्याला सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. ‘कात्र्या धुऊन तेल लावणे’ हे काम आहे. ‘डाव्या भिंतीकडचं शेल्फ बाहेर काढणे’ हे काम आहे. रोज पाचच. सहावं सुचलं तर उद्याच्या पानावर. पाचवर काट बसली की बंद, कारण दमलेलं शरीर आजारी पडलं तर पुढचे आठ दिवस जातात. त्या दिवसांत घराघरांत ताप होता.

वही नको वाटत असेल तर भिंतीवर खडूने लिहा. मनात ठेवू नका. दोन्ही यादी मनात राहिल्या तर ‘का’ नेहमी वर येतो, कारण त्याला हात लावावा लागत नाही.

‘माझंच चुकलं’ या प्रश्नाचं काय करायचं

बाहेरच्या कारणांवरची चर्चा एक वेळ थांबवता येते. स्वतःवरचा प्रश्न फार अवघड. तो रात्री येतो.

माझ्या सत्तावीस रेघांच्या प्रश्नाला मी शेवटी एका दुपारी नीट बसले. वहीत तारीख आणि वेळ घातली: २१ जुलै, रात्री दहा. त्याखाली त्या वेळी मला जे माहीत होतं तेवढंच लिहिलं. पाऊस जोरात आहे. नदी वाढते आहे. २६ जुलै २००५ ला आमच्या दुकानात पाणी कमरेच्या वर आलं होतं, त्याची खूण दाराच्या चौकटीवर आहे. ती खूण धरून मी गिऱ्हाइकांचं सगळं कापड त्याच्याही दोन फूट वरच्या शेल्फवर ठेवलं होतं. मशीनची डोकी कापायच्या टेबलावर चढवली होती. म्हणजे मी झोपून राहिले नव्हते. मला माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या पुराची तयारी मी केली होती. त्याच्याहून मोठा पूर आला.

हे लिहिल्यावर रडू आलं, पण ते वेगळं रडू होतं. त्यानंतर रेघा कमी झाल्या.

तुम्हीही असंच करून पाहा. संकटाच्या आदल्या दिवसाची तारीख टाका आणि त्या दिवशी तुमच्याजवळ असलेली माहितीच लिहा. नंतर कळलेलं एक अक्षरही त्यात घालू नका. दोनपैकी एक होईल. एक तर दिसेल की त्या माहितीवर तुम्ही ठीकच वागलात. किंवा एखादी खरी चूक सापडेल, आणि ती सापडली की तिचं काम होतं. माझी खरी चूक वेगळीच निघाली. ऑर्डरच्या वहीची दुसरी प्रत कुठेच नव्हती. हे मी ‘का’ वहीतून काढून ‘आता’ वहीत लिहिलं.

बाहेरची माणसंही हाच प्रश्न विचारायला येतात. ‘अगं, सामान वर का नाही टाकलंस?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसलात तर तुमचा दिवस संपतो आणि जखम पुन्हा उघडी पडते. उत्तराचं एक वाक्य ठरवून ठेवा. माझं होतं: ‘कापड वर ठेवलं होतं, पाणी त्याच्याही वर आलं. वहिनी, ही बादली तेवढी धरता का?’ बहुतेकांनी धरली.

बोलू द्या, हात चालू राहू द्या

घरातलं एखादं माणूस ‘का’मध्येच बसून राहतं. आमच्याकडे हे होते. हे लोट्याच्या एमआयडीसीत फिटर होते, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, आणि दुकानात गुंतलेला पैसा त्यांच्या फंडातला होता. पाच-सहा दिवस ते रोज तीच वाक्यं त्याच क्रमाने बोलत. जेवण अर्धं टाकत. मी दोनदा चिडून ‘सोडा आता तो विषय’ म्हणाले. दोन्ही वेळा ते उठून बाहेर गेले आणि अंधार पडल्यावर आले.

मग मी विषय सोडायला सांगणंच सोडलं. सहाव्या दिवशी सकाळी त्यांच्यापुढे वर्तमानपत्र पसरलं, त्यावर एक मशीनचं डोकं ठेवलं, रॉकेलची बाटली आणि जुना टूथब्रश दिला आणि म्हटलं, ‘हे माझ्याच्याने उघडत नाही.’ ते खरंच उघडत नव्हतं. त्यांनी पाना मागितला. मशीन उघडताना ते पाण्याबद्दल, गाळाबद्दल, भरतीबद्दल तेच सगळं बोलत होते. मी ऐकत होते, हुंकार देत होते. दुपारपर्यंत बोलणं कमी झालं. मधेच म्हणाले, ‘याचं शटल चांगलं आहे, वाचेल हे.’

कामाची निवड महत्त्वाची आहे. माणसाला जे आधीपासून येतं तेच द्यायचं. यांना मी चिखल उपसायला लावला असता तर त्यांना आणखी लाचार वाटलं असतं. सासूबाईंना उभं राहवत नव्हतं, त्यांनी बसून बटणं आणि हुक धुतले, प्रकाराप्रमाणे वाट्यांत लावले. त्यांचे तीन दिवस त्यात गेले आणि त्या तीन दिवसांत त्यांनी पत्रिकेतल्या ग्रहांचा विषय काढला नाही.

पण काही माणसं कामानेही हलत नाहीत. पंधरा दिवस उलटूनही झोप नाही, जेवण नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं आहे, तर ते आळस किंवा हट्ट समजू नका, डॉक्टरकडे न्या. आता सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर आहे, मराठीत बोलता येतं. आमच्या वेळी ती नव्हती. आमच्या ओळखीत एका घरात तिची फार गरज होती.

मशीन कसं वाचवावं

हे सविस्तर लिहिते, कारण पुढच्या पुरात कोणाला तरी उपयोगी पडेल, आणि कारण या कामाने मला जितका धीर दिला तितका कोणत्याही बोलण्याने दिला नाही.

शिलाई मशीनचं लोखंड दणकट असतं. ते पाण्याने मरत नाही, नंतरच्या गंजाने आणि आत राहिलेल्या रेतीने मरतं. म्हणून आधी स्वच्छ पाण्याने धुवा. आणखी पाणी घालायची भीती वाटते, पण चिखलावरच तेल ओतलंत तर तेल आणि रेती मिळून आतले भाग काचकागदासारखे घासले जातात. सुई, प्रेशर फूट, बॉबिन केस, शटल काढून डब्यात ठेवा. एका मशीनचे भाग एका डब्यात, डब्यावर नंबर. आम्ही पहिल्या दोन मशीनचे भाग एकत्र टाकले आणि जुळवण्यात अर्धा दिवस गेला. मग डोकं आडवं करून सगळ्या सांध्यांत रॉकेल सोडा, ब्रशने घासा, हँडव्हील हाताने हळूहळू फिरवत राहा. काळं येणं थांबेपर्यंत. हे उघड्यावर करायचं, जवळ विस्तव नको. अडकलं तर जोर लावू नका. रॉकेल घालून रात्रभर ठेवा, सकाळी बहुधा सुटतं. सगळं कोरडं पुसून भरपूर मशीन ऑइल. त्यानंतर दोन दिवस फक्त चिंध्यांवर चालवा, कारण टाक्यातून तेल येत राहतं.

मोटर वेगळी काढा. ती वाळवून, तपासून घेतल्याशिवाय प्लगला लावायची नाही. माझ्या तीन मोटरींपैकी दोन रिवाइंडिंग करून वाचल्या. टेबलाच्या प्लायवुडचे पदर सुटतात, त्याला इलाज नाही, पण पायमशीनचा लोखंडी सांगाडा घासून रंगवला की पुन्हा उभा राहतो.

पाचही मशीन चालू झाली. ओव्हरलॉक गेलं. ते सगळ्यांत नाजूक आणि सगळ्यांत महाग; ते पहिल्यांदा हातात घ्यायला हवं होतं. आम्ही ते सातव्या दिवशी उघडलं, तोवर आतले दोरा गुंतवणारे लूपर गच्च धरले होते. पायरीवर बसलेला तो तिसरा दिवस मला इथे आठवतो. म्हणून सांगते: सुरुवात सोप्या कामाने करायचा मोह होतो, पण जे लवकर वाळणार आहे ते आधी उचला.

पहिलं मशीन नवव्या दिवशी चाललं, पायाने, कारण मोटर नव्हती. त्यावर मी काय शिवलं? गल्लीतल्या बायकांच्या अंगावर होतं तेवढंच कापड उरलं होतं. मदतीत सुती कापडाचा एक तागा आला होता. त्याचे परकर शिवले. पहिल्या दिवशी सात. शिवण साधी, पण शटरच्या दारात बसून मशीनचा आवाज सुरू झाला तेव्हा समोरचा भांडीवाला उठून पाहायला आला.

वाईट बातमी आपणच द्या

माझ्या दुकानात त्या दिवशी त्रेचाळीस ऑर्डर होत्या. म्हणजे त्रेचाळीस घरांचं कापड माझ्या भरवशावर होतं. त्यातल्या काही साड्यांवरचे ब्लाउजपीस आता बाजारात मिळणारे नव्हते, एक तर आईच्या जुन्या शालूतून कापलेला होता.

ऑर्डरची वही लगदा झाली होती. ओली वही जबरदस्तीने उघडू नका, पानं फाटतात. उभी करून सावलीत निथळू द्या, मग जिथे आपोआप सुटेल तिथे कोरा कागद घाला, रोज कागद बदला. जिथे मी बॉलपेनने लिहिलं होतं ते वाचता आलं. जेलपेनचं सगळं वाहून गेलं होतं. त्रेचाळीसपैकी एकतीस नावं मिळाली.

कापडांचं असं की चिखल घासायचा नाही, वाहत्या गार पाण्याखाली जाऊ द्यायचा. रंग जाणारं कापड वेगळं. ओलं कापड प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचं नाही, एका रात्रीत बुरशी धरते. साडीच्या काठाची जर एकदा काळी पडली की पूर्वीसारखी होत नाही, तेवढ्यासाठी खोटी आशा दाखवू नका.

फोन लागायला लागले तशी मी रोज पाच जणींना फोन करायला सुरुवात केली. त्यांनी विचारण्याआधी. त्या फोनची पद्धत मी ठरवून घेतली होती: पहिल्या वाक्यात बातमी, दुसऱ्यात कापडाची आजची स्थिती, तिसऱ्यात मी काय करणार, आणि कधीपर्यंत. ‘ताई, तुमचा पैठणीवरचा ब्लाउज पाण्यात गेला. पीस हाती लागलाय, धुतलाय, पण काठाची जर काळी पडली आहे. आगाऊ घेतलेली शिलाई परत करते, आणि कापडाची भरपाई दिवाळीनंतर थोडी थोडी देईन.’ पुराचं वर्णन नाही, कारण नाही. त्यांना पूर माहीत होताच. मी आधी पुराचं सांगत बसले असते, तर ती सबब वाटली असती.

एक बाई दहा मिनिटं बोलली, मी ऐकून घेतलं. तिचा राग बरोबर होता. लेकीच्या साखरपुड्याचा ब्लाउज होता तो. दुसरीचं स्वतःचं घर पाण्यात गेलं होतं, ती म्हणाली, ‘माझं राहू दे, तुम्ही जेवलात का?’ शालूवाल्या ताईंना मी फोन केला नाही, घरी गेले. त्यांनी तो पीस हातात घेतला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘यातला बिनडागाचा तुकडा निघेल तेवढ्याचा बटवा करून दे.’ तो बटवा मी गणपतीच्या आधी दिला. त्या एकतीसपैकी सव्वीस जणी पुन्हा माझ्याकडेच शिवतात.

मदत मागताना नाव घेऊन मागा

‘काय हवंय?’ असं पुण्यातून, मुंबईतून फोन येत होते. पहिले दोन-तीन दिवस मी ‘काही नको’ म्हणत राहिले. लाज वाटत होती. त्याचा परिणाम असा झाला की ज्याला जे सुचलं ते त्याने पाठवलं, आणि आमच्या जिन्यात चादरींचा ढीग लागला. मग यादी लिहिली: गमबूट दोन जोड, फावडं, रॉकेल, मशीन ऑइल, १४ आणि १६ नंबरच्या सुया, बॉबिन, काळा आणि पांढरा दोरा. माझ्या मुलाच्या पुण्यातल्या मित्रांनी दोन दिवसांत सगळं पोहोचवलं. देणाऱ्यालाही बरं वाटतं, आपण दिलेली वस्तू कामाला लागली म्हणून.

बँकेचं कर्ज असेल तर हप्ता चुकण्याच्या आत जाऊन लेखी अर्ज द्या. नैसर्गिक आपत्तीत कर्जाची फेररचना करण्याबद्दल रिझर्व्ह बँकेच्या सूचना बँकांना आहेत, पण घरी येऊन कोणी विचारत नाही. अर्जाला पंचनाम्याची प्रत जोडा, आपल्या प्रतीवर पोच घ्या.

राखून ठेवलेला प्रश्न

‘का’ वही मी दिवाळीनंतर उघडली. बरेच प्रश्न तोवर निवले होते. ‘आमच्याच वाट्याला का’ यापुढे मी काही लिहू शकले नाही, ते पान तसंच आहे. पण गाळाचा प्रश्न जिवंत होता, आणि तो माझ्या एकटीचा नव्हता.

डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण सुरू केलं. मागणी स्पष्ट होती, नद्यांतला गाळ काढा. जुलैत पायरीवर आम्ही जे बोलत होतो तेच हे कारण. पण आता त्याच्यामागे माणसं होती, निवेदनं होती, आणि ते कोणापुढे मांडायचं ते ठरलेलं होतं. मी दोन दुपारी डबा घेऊन तिथे जाऊन बसले. हे तर बरेच दिवस जात होते. जुलैत त्यांना पोखरणारी तीच वाक्यं ते तिथे इतरांना समजावून सांगत होते, आणि घरी येऊन पोटभर जेवत होते. पुढे नदीतला गाळ काढायचं काम सुरू झालं, नाम फाउंडेशननेही त्यात हात घातला.

म्हणून कारणं शोधणाऱ्यांना मी गप्प बसा म्हणणार नाही. ज्या कारणावर पुढे काही करता येतं ते जपून ठेवा, त्यासाठी चार माणसं जमवा, कागद करा. पण पंख्यावरचा चिखल पुसून झाल्यावर.

दाराशी आता दोन खुणा आहेत, २००५ ची आणि २०२१ ची. दुसरी चौकटीच्या वर, भिंतीवर आहे. दर मे महिन्यात आम्ही मशीनच्या डोक्याचे स्क्रू सैल करून तेल लावून पुन्हा बसवतो, म्हणजे वेळ आली तर दोन मिनिटांत डोकी सुटतील. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी बोलून त्यांच्या गॅलरीतली जागा ठरवून ठेवली आहे. दुकानाचा विमा आहे. मापं आणि ऑर्डर मी बॉलपेननेच लिहिते, आणि दर रविवारी मुलगी त्या पानांचे फोटो काढून पुण्याला भावाला पाठवते. या रविवारी अठ्ठावन्न पानं झाली.